तुर्क नसलेले तुर्क : चिलीतले पॅलेस्टिनी आणि परदेशातली सत्ता

गाब्रिएल गार्सिया मार्केझच्या 'एकाकीपणाची शंभर वर्षे' या कादंबरीत माकोंदो गावात एक तुर्कांची गल्ली आहे. किरकोळ चीजवस्तू विकणारे, उन्हात दुकानाच्या दारात बसून राहणारे हे तुर्क कादंबरीभर मागे कुठेतरी वावरत असतात. 'एका पूर्वघोषित मृत्यूची कहाणी' (१९८१) मध्ये तर नायकच या गल्लीतला आहे. ज्याच्या खुनाची वर्दी साऱ्या गावाला आधीच मिळालेली असते तो सान्तियागो नासार हा इब्राहिम नासारचा मुलगा. आपल्याकडे विद्यापीठांतून मार्केझ शिकवला जातो तो बहुधा जादुई वास्तववादाच्या चौकटीत, आणि त्या चौकटीत 'तुर्क' हा शब्द स्थानिक रंग म्हणून खपून जातो. त्या शब्दापाशी कुणी फारसे थांबत नाही. पण हे तुर्क तुर्क नव्हतेच. ते होते अरब, त्यांतले बहुसंख्य ख्रिस्ती, लेबनॉन, सीरिया आणि पॅलेस्टाइनमधून आलेले. त्यांच्या हातातली प्रवासाची कागदपत्रे ऑटोमन साम्राज्याची होती आणि बंदरावरच्या कारकुनाने त्यावरून त्यांची जात ठरवली. ज्या राजवटीच्या जाचाला कंटाळून माणसे बाहेर पडली त्याच राजवटीचे नाव त्यांना नव्या जगात कपाळावर मिरवावे लागले.

या तुर्कांपैकी पॅलेस्टाइनमधून आलेल्यांचा, आणि त्यातही चिलीत स्थिरावलेल्यांचा इतिहास मला अधिक विचार करायला लावणारा वाटतो. अरब जगाबाहेरचा सर्वांत मोठा पॅलेस्टिनी समाज चिलीत आहे असे सामान्यतः मानले जाते. त्याच्या संख्येचे अंदाज तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात. 'पॅलेस्टिनी डायस्पोरा' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर १९४८ येते, किल्ल्या गळ्यात अडकवून निघालेली कुटुंबे येतात, लेबनॉन-जॉर्डनमधल्या छावण्या येतात. चिलीतल्या पॅलेस्टिनींपैकी बहुतेकांचे पूर्वज मात्र १९४८च्या कितीतरी आधी, साधारणपणे १८८० ते १९३० या पन्नास वर्षांत गाव सोडून आलेले. ते निर्वासित नव्हते. निदान निघताना तरी नव्हते.

निघण्याची कारणे साधीच होती. बेथलेहेम आणि त्याला लागून असलेली बेत जाला, बेत साहूर ही गावे यात्रेकरूंवर जगत. शिंपल्यावर कोरलेले क्रूस, ऑलिव्हच्या लाकडाच्या जपमाळा, येशूजन्माचे देखावे हा तिथला पिढीजात धंदा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जी मोठमोठी जागतिक प्रदर्शने भरली, विशेषतः १८९३चे शिकागोचे, तिथे हा माल घेऊन गेलेल्या व्यापाऱ्यांच्या लक्षात आले की जन्मभूमीची माती विकण्याइतका नफा जन्मभूमीत नाही. (हा उपरोध त्यांच्याही ध्यानात आला असेलच.) पुढे १९०९मध्ये ऑटोमन सरकारने ख्रिस्ती तरुणांनाही सक्तीची लष्करभरती लागू केली. १९१४चे युद्ध, १९१५ची टोळधाड आणि त्यामागून आलेली उपासमार यांनी उरलासुरला धीरही संपवला. जहाज ब्युनोस आयर्सला लागे. आन्देस ओलांडणारी रेल्वे सुरू झाली १९१०मध्ये. त्याआधी आलेल्यांनी ती पर्वतराजी खेचरावर बसून पार केली. अर्जेंटिनात आधीच आलेल्या अरब व्यापाऱ्यांची गर्दी होती, चिलीत ती कमी होती. एका मोठ्या समाजाचा पत्ता असा ठरला.

चिलीत या फेरीवाल्यांना 'फाल्ते' म्हणत. पाठीवर पेटारा घेऊन दारोदार हिंडणारा विक्रेता घरातल्या बाईला, काही हवे-नको, काही कमी आहे का, असे विचारी आणि त्या स्पॅनिश प्रश्नातले क्रियापदच त्याचे नाव होऊन बसले. कंगवे, सुया, दोरे, रिबिनी असा त्यांचा माल. पेटाऱ्यातून हातगाडी, हातगाडीतून दुकान, दुकानातून कापडाची गिरणी हा प्रवास दोन पिढ्यांत झाला. सान्तियागोतल्या मापोचो नदीच्या उत्तरेला, त्या वेळच्या प्रतिष्ठितांच्या दृष्टीने नदीच्या 'चुकीच्या' काठावर, पात्रोनातो नावाची वस्ती होती. तिथे त्यांची दुकाने आणि घरे उभी राहिली. तिथेच १९१७मध्ये सेंट जॉर्जचे ऑर्थोडॉक्स चर्चही उभे राहिले. त्या काळच्या चिलीच्या प्रतिष्ठित वृत्तपत्रांतून या लोकांविषयी जे लिहिले जाई ते आज वाचवत नाही. युरोपीय गोऱ्यांनी येऊन आपला वंश 'सुधारावा' अशी आस धरून बसलेल्या राज्यकर्त्या वर्गाला हे सावळे, हातवारे करीत घासाघीस करणारे लोक नको होते. जर्मन वसाहतींना जमीन आणि सवलती देणारे चिलीचे सरकार या अरबांना बोलवायला गेले नव्हते. ते आपणहून आले होते, आणि हे त्यांना वारंवार ऐकवले जाई.

१९२० साली चिलीच्या दक्षिणेतल्या ओसोर्नो शहरात काही तरुणांनी एक फुटबॉल संघ काढला आणि त्याला नाव दिले 'पालेस्तिनो'. ही तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ब्रिटिश मॅन्डेटला तेव्हा राष्ट्रसंघाची औपचारिक मान्यताही मिळालेली नव्हती, ती मिळाली १९२२मध्ये. भोवतालचा समाज ज्यांना तुर्क म्हणत होता त्यांनी स्वतःचे नाव असे मैदानावर जाहीर केले. त्यांचे आजे-पणजे स्वतःला कदाचित बेतजाली किंवा बेथलेहेमी म्हणवत असतील, धर्माने ऑर्थोडॉक्स वा लॅटिन म्हणवत असतील. 'पॅलेस्टिनी' ही ओळख गावात जितकी घडली तितकीच, आणि काही अंशी आधी, ती परगावी घडली. परमुलखात एकाच शिवीने हाक मारली गेल्यामुळे वेगवेगळ्या वाड्यांतली माणसे एका नावाखाली आली.

यानंतर घडली ती १९२५ची घटना. मला ती या साऱ्या इतिहासाची खरी गाठ वाटते, आणि ती क्वचितच सांगितली जाते. लोझानच्या तहाने ऑटोमन प्रजाजनांचे नागरिकत्व नव्या राज्यांत वाटून टाकायचे ठरवले होते. त्यानुसार ब्रिटिशांनी १९२५मध्ये पॅलेस्टाइनसाठी नागरिकत्वाचा हुकूम काढला. त्यात मुख्य अट होती ती १ ऑगस्ट १९२५ रोजी पॅलेस्टाइनमध्ये राहत असण्याची. जे परदेशी होते त्यांनी अर्ज करायचा, तोही ठरावीक मुदतीत, आणि त्याआधी काही महिने पॅलेस्टाइनमध्ये येऊन राहिल्याचा पुरावा जोडायचा. सान्तियागोत किंवा तेगुसिगाल्पात दुकान मांडून बसलेल्या माणसाला हे बहुधा अशक्य होते. हजारोंनी अर्ज केले आणि त्यांतले अगदी मोजके मंजूर झाले. त्याच हुकुमाने बाहेरून येणाऱ्या ज्यू स्थलांतरितांना दोन वर्षांच्या वास्तव्यावर नागरिकत्व मिळण्याची सोय केली होती. म्हणजे फेरीसाठी म्हणून घराबाहेर पडलेला माणूस परत येईपर्यंत दाराला कुलूप लागले होते आणि ते लावणारा घरमालक नव्हता. आता ऑटोमन साम्राज्य उरले नव्हते, त्यामुळे त्यांचे जुने कागद निरर्थक होते, आणि नवे कागद मिळत नव्हते. परतण्याच्या हक्काचा प्रश्न १९४८मध्ये निर्माण झाला असे आपण मानतो. लॅटिन अमेरिकेतल्या पॅलेस्टिनींसाठी तो त्याच्या तेवीस वर्षे आधीच उभा राहिला होता, बंदुकीशिवाय, एका प्रशासकीय कलमाने. त्यांनी ब्रिटिश वकिलातींना निवेदने पाठवली, बेथलेहेमला कळवले, सभा घेतल्या. या समाजाच्या राजकीय संघटनेची सुरुवात इथे आहे.

या संघटनेचे पहिले ठळक फळ दिसले ते २९ नोव्हेंबर १९४७ रोजी. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत झाला. दहा देश तटस्थ राहिले. भारताने विरोधात मत दिले हे आपल्याला ठाऊक असते. तटस्थांची यादी मात्र आपण सहसा पाहत नाही. तीत चिली आहे, होंडुरास आहे, एल साल्वादोर आहे. लॅटिन अमेरिकेतल्या बहुसंख्य देशांनी अमेरिकेच्या बाजूने मत दिले असताना नेमके हे तीन देश, जिथे पॅलेस्टिनी व्यापारी वर्ग बळकट होता, कुंपणावर बसले. तिथे इतर हिशेबही होतेच, आणि सगळे श्रेय पात्रोनातोतल्या दुकानदारांना देणे भाबडेपणाचे होईल. पण चिलीचा कल आधी ठरावाच्या बाजूने होता आणि अरब समाजाच्या दबावाखाली तो बदलला ही गोष्ट त्या देशातले दोन्ही पक्षांचे लोक मान्य करतात. विरोधात मत मात्र चिलीने दिले नाही. प्रभाव होता, तो तटस्थतेपर्यंत पोचला आणि तिथे थांबला.

कुठल्याही स्थलांतरित समाजाच्या प्रभावाविषयी बोलताना एक चूक हमखास होते. समाज एकसंध असल्यासारखे आपण बोलतो. चिलीतल्या पॅलेस्टिनींच्या बाबतीत ती चूक फार महागात पडते, कारण या समाजाची सारी पत पैशातून उभी राहिली आणि पैशाला स्वतःचे राजकारण असते. यारुर घराण्याचे उदाहरण घ्या. बेथलेहेमहून निघालेला हुआन यारुर बोलिव्हियामार्गे चिलीत आला. १९३०च्या दशकात त्याने सान्तियागोत प्रचंड कापड गिरणी उभारली आणि एका मोठ्या बँकेवरही या घराण्याचे नियंत्रण आले. गिरणीतली शिस्त कडक होती, कामगार संघटना मालकाच्या मुठीतल्या. १९७० साली साल्वादोर आयेंदे अध्यक्ष झाले आणि एप्रिल १९७१मध्ये यारुर गिरणीच्या कामगारांनी ती ताब्यात घेऊन राष्ट्रीयीकरणाची मागणी केली. समाजवादाकडे पायरीपायरीने जाऊ पाहणाऱ्या आयेंदेंना ही घाई नको होती, तरी त्यांना मान तुकवावी लागली. पीटर विन या अमेरिकन इतिहासकाराने या गिरणीवर कामगारांच्या मुलाखतींतून 'वीव्हर्स ऑफ रेव्होल्यूशन' (१९८६) हे पुस्तक लिहिले आहे. मुंबईच्या गिरणगावाविषयी ज्यांना आस्था आहे त्यांनी ते जरूर मिळवून वाचावे.

सप्टेंबर १९७३मध्ये पिनोशेंनी लष्करी उठाव केला तेव्हा समाजातल्या धनिकांपैकी अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. अमेरिकेने १९७६मध्ये शस्त्रपुरवठा थांबवल्यावर हीच राजवट इस्रायलकडून शस्त्रे घेत होती. आजोबांच्या गावाचा भूभाग ज्याच्या ताब्यात होता त्या राज्याकडून शस्त्रे घेणाऱ्या सत्तेला, गिरणी सुरक्षित राहावी म्हणून, पाठिंबा द्यायचा, हा व्यवहार अनेक घरांत शांतपणे पार पडला. त्याच समाजातले काही लोक त्याच वेळी हद्दपार होत होते. चित्रपटदिग्दर्शक मिगेल लित्तीन त्यांतला एक. त्याचे आजोबा बेत साहूरचे. १९६९चा 'नाहुएलतोरोचा कोल्हा' हा त्याचा चित्रपट लॅटिन अमेरिकन सिनेमाच्या इतिहासात मानाने उल्लेखला जातो. १९८५मध्ये वेषांतर करून, खोट्या पासपोर्टवर तो स्वतःच्याच देशात घुसला आणि हुकूमशाहीखालच्या चिलीचे चित्रीकरण करून निसटला. त्याच्या तोंडून ऐकलेल्या हकिकतीवर गार्सिया मार्केझने पुस्तक लिहिले, आणि १९८६मध्ये वाल्पाराइसो बंदरात त्याच्या हजारो प्रती पिनोशे सरकारने जाळल्या. लोकशाही परत आल्यावर लित्तीन आपल्या पाल्मिया या छोट्या गावाचा महापौर झाला, आणि २००५मध्ये त्याने 'शेवटचा चंद्र' हा चित्रपट काढला, तोही थेट पॅलेस्टाइनमध्ये जाऊन, १९१४च्या सुमाराच्या एका गावाची आणि दोन मित्रांची गोष्ट सांगणारा. एकाच समाजाच्या दोन वाटा यापेक्षा स्पष्ट दिसणे अवघड आहे.

१९९० नंतरच्या लोकशाहीत या समाजाने जे साधले ते मला अधिक आश्चर्याचे वाटते. गिरणीवाले आणि हद्दपार झालेले, यांची नातवंडे वेगवेगळ्या पक्षांतून संसदेत आली आणि पॅलेस्टाइन या एका प्रश्नावर एकत्र बसू लागली. उजव्या राष्ट्रीय पुनर्नवीकरण पक्षाचे सिनेटर राहिलेले फ्रान्सिस्को चाहुआन, ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे अध्यक्ष राहिलेले फुआद चाहिन, आणि कम्युनिस्ट दानिएल हादुए यांचे कररचनेविषयी किंवा संविधानाविषयी कधी एकमत होण्याची शक्यता नाही. चिलीच्या संसदेतला पॅलेस्टाइन मित्रगट मात्र सर्व पक्षांना सामावून घेतो. हादुए २०१२पासून २०२४पर्यंत रेकोलेता या नगरपालिकेचे महापौर होते. ज्या वस्तीतल्या 'तुर्कां'ना पाहून एके काळी प्रतिष्ठित नाके मुरडत ती पात्रोनातो वस्ती याच रेकोलेतात आहे. २०१५मध्ये त्यांनी स्वस्त औषधांचे नगरपालिकेचे दुकान काढले, त्याचे अनुकरण देशभर झाले, आणि २०२१मध्ये ते डाव्या आघाडीच्या उमेदवारीच्या शर्यतीत गाब्रिएल बोरिच यांच्याकडून हरेपर्यंत चिलीला पॅलेस्टिनी वंशाचा अध्यक्ष मिळेल असे अनेकांना वाटत होते.

जानेवारी २०११मध्ये चिलीने पॅलेस्टाइनला राज्य म्हणून मान्यता दिली. तेव्हा सत्तेवर सेबास्तियान पिन्येरा होते, म्हणजे उजवे सरकार. ब्राझीलने काहीच आठवड्यांपूर्वी १९६७च्या सीमांचा स्पष्ट उल्लेख करून मान्यता दिली होती. चिलीच्या निवेदनात सीमांचा उल्लेख टाळलेला होता. पॅलेस्टिनी समाज मोठा, ज्यू समाज लहान (वीस हजारांच्या आत) पण तोही व्यापारात आणि विद्यापीठांत वजन असलेला, आणि वॉशिंग्टन उत्तरेला आहेच. या ओढाताणीतून निघालेले ते वाक्य होते. १९४७ची तटस्थता आणि २०११चे सीमा नसलेले राज्य यांत मला एकच हस्ताक्षर दिसते.

तीन वर्षांनी त्या वगळलेल्या सीमा वेगळ्याच जागी उमटल्या. जानेवारी २०१४मध्ये पालेस्तिनो संघाच्या खेळाडूंच्या नव्या जर्सीवर '१' या आकड्याच्या जागी १९४८पूर्वीच्या पॅलेस्टाइनचा नकाशा आला. लांबट, खाली निमुळता होत जाणारा तो आकार खरोखरच एकासारखा दिसतो. ज्यू संघटनांनी आक्षेप घेतला, चिलीच्या फुटबॉल संघटनेने राजकीय चिन्ह म्हणून त्या जर्सीवर बंदी घातली आणि दंड ठोठावला. बंदी आल्यावर जर्सीची मागणी जगभरातून वाढली. १९५५ आणि १९७८ असे दोनदाच राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला, बहुधा गुणतक्त्याच्या मध्यावर रेंगाळणारा हा संघ. पण त्याचे सामने रामल्ला आणि बेथलेहेममध्ये पाहिले जातात, आणि बँक ऑफ पॅलेस्टाइनचे नाव त्याच्या जर्सीवर झळकलेले आहे. त्यातले बहुतेक खेळाडू पॅलेस्टिनी वंशाचे नसतात. त्यांना पगार मिळतो, ते खेळतात, आणि नव्वद मिनिटे एका राज्यहीन राष्ट्राचे प्रतिनिधी असतात.

चिलीकडून उत्तरेला मध्य अमेरिकेत गेलो की प्रभावाविषयीच्या आपल्या कल्पना गडबडतात. तिथे पॅलेस्टिनी वंशाचे लोक थेट राष्ट्राध्यक्ष झाले. होंडुरासमध्ये कार्लोस फ्लोरेस फाकुसे १९९८ ते २००२ या काळात अध्यक्ष होते, त्यांची आई बेथलेहेमच्या घराण्यातली. एल साल्वादोरमध्ये २००४च्या निवडणुकीत उजव्या आरेना पक्षाचे अंतोनिओ साका आणि माजी गनिमी सेनानी, कम्युनिस्ट शफिक हांदाल हे दोघे समोरासमोर उभे होते. दोघांचीही मुळे बेथलेहेमची. निवडून कुणीही आले तरी गावचाच नातू येणार होता. आले साका, ज्यांना पुढे २०१८मध्ये भ्रष्टाचाराच्या खटल्यात तुरुंगवासाची शिक्षा झाली. हा तोच देश, जिथे १९३०च्या दशकात हुकूमशहा मार्तिनेसच्या कायद्यांनी अरबांच्या प्रवेशावर आणि नव्या व्यवसायांवर निर्बंध घातले होते. २०१९पासून एल साल्वादोरचे अध्यक्ष आहेत नायीब बुकेले. त्यांचे आजी-आजोबा पॅलेस्टाइनमधून आलेले, वडील ख्रिस्ती धर्म सोडून मुसलमान झालेले आणि सान साल्वादोरमध्ये इमाम म्हणून काम केलेले. आणि होंडुरासमध्ये जानेवारी २०२६मध्ये अध्यक्षपदी आलेले नास्री आस्फुरा, तेही पॅलेस्टिनी वंशाचे, उजव्या नॅशनल पक्षाचे.

या साऱ्या सत्तेचा पॅलेस्टाइनला उपयोग काय झाला? साकांच्या कारकिर्दीत २००६ साली एल साल्वादोरने आपला दूतावास जेरुसलेमहून तेल अवीवला हलवला, हे खरे. तसे पाहिले तर त्यानंतर फारसे काही नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये बुकेलेंनी जाहीर केले की पॅलेस्टिनी वंशाचा साल्वादोरी म्हणून आपल्याला असे वाटते की हमास नाहीशी होणे हेच पॅलेस्टिनींच्या हिताचे आहे, आणि त्यांनी हमासची तुलना आपल्या देशातल्या गुंडांच्या टोळ्यांशी केली. वंशाचा उल्लेख झाला, पण तो आपल्या गृहधोरणाला दाखला म्हणून. होंडुरासमधले चित्र याहून अस्वस्थ करणारे आहे. फ्लोरेस यांचे मामा मिगेल फाकुसे हे देशातल्या बड्या उद्योगपतींपैकी एक. त्यांच्या पामतेलाच्या मळ्यांवरून आगुआन खोऱ्यात भूमिहीन शेतकऱ्यांशी अनेक वर्षे संघर्ष चालला आणि त्यात कित्येक माणसे मारली गेली. जमिनीवरून हुसकावले जाण्याच्या आठवणीवर ज्या समाजाची ओळख उभी आहे, त्या समाजातल्या एका घराण्याच्या मळ्याच्या कुंपणाबाहेर दुसऱ्या देशातले शेतकरी आपली जमीन मागत उभे होते. या दृश्यावर पॅलेस्टिनी लेखकांनी अधिक लिहायला हवे होते असे मला वाटते.

आता याच्या शेजारी चिली ठेवून पाहा. चिलीच्या इतिहासात पॅलेस्टाइनच्या बाजूने सर्वांत ठाम भूमिका घेणारा अध्यक्ष म्हणजे गाब्रिएल बोरिच, आणि बोरिच यांचे पूर्वज क्रोएशियाचे. २०१९मध्ये, खासदार असताना, ज्यू समाजाने नववर्षानिमित्त पाठवलेली मधाची बरणी स्वीकारताना त्यांनी जाहीरपणे म्हटले होते की, इस्रायलला व्यापलेला पॅलेस्टिनी प्रदेश परत करायला सांगितले तर अधिक बरे होईल. (भेटीच्या शिष्टाचारात हे बसत नाही हे उघड आहे, आणि त्यावर वादंग झाले तेही रास्तच.) सप्टेंबर २०२२मध्ये, अध्यक्ष म्हणून, त्यांनी इस्रायली राजदूताची अधिकारपत्रे स्वीकारण्याचा समारंभ पुढे ढकलला. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस गाझातल्या युद्धावरून राजदूताला सल्लामसलतीसाठी परत बोलावले. २०२४मध्ये त्यांच्या सरकारने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दक्षिण आफ्रिकेच्या खटल्यात सहभागी होण्याचे पाऊल उचलले. वंशाने पॅलेस्टिनी असलेले अध्यक्ष जे करत नाहीत ते क्रोएशियन वंशाचा अध्यक्ष करतो, याचा अर्थ लावायचा तर रक्ताच्या पलीकडे पाहावे लागते. चिलीतल्या समाजाने शंभर वर्षे संस्था उभ्या केल्या. फुटबॉल संघ, १९३८पासूनचा क्लब, शाळा, विद्यार्थी संघटना. त्यामुळे पॅलेस्टाइन हा विषय एका समाजाच्या मालकीचा न राहता चिलीच्या सार्वजनिक जीवनाचा भाग झाला, आणि कधीही बेत जालाचे नाव न ऐकलेल्या माणसालाही त्यावर मत असू लागले. मध्य अमेरिकेत घराण्यांनी सत्ता मिळवली, आणि घराण्याच्या सत्तेला घराण्यापलीकडची आठवण फारशी लागत नाही. शिवाय वॉशिंग्टनच्या सावलीतल्या छोट्या देशाला परराष्ट्र धोरणात मोकळीक तरी किती! मार्च २०२६मध्ये चिलीतही सत्ता बोरिच यांच्याकडून उजव्या होसे आंतोनिओ कास्त यांच्याकडे गेली. चाहुआन आणि त्यांचे सहकारी ज्या सर्वपक्षीय सहमतीचा हवाला देत आले तिची खरी परीक्षा आता आहे.

मराठी वाचकाला या इतिहासाची दुसरी बाजू काहीशी जवळची आहे. अलिबाग-पेणच्या परिसरातले बेने इस्रायली १९४८नंतर दिमोना, लोद, अश्दोद इथे गेले आणि तिथून त्यांनी 'मायबोली' हे मराठी नियतकालिकही काढले. एका किनाऱ्यावरून माणसे ज्या भूमीकडे निघाली, त्याच भूमीतून निघालेल्यांची नातवंडे दुसऱ्या खंडात फुटबॉलच्या जर्सीवर तिचा नकाशा शिवत होती. दोघांच्याही पाठीशी कागदपत्रांचा, परवान्यांचा आणि मोडक्या मातृभाषेचा इतिहास आहे, आणि या दोन इतिहासांना एकत्र वाचणारा अभ्यास आपल्या मराठी विभागांत व्हायला हरकत नसावी.

भाषेचा मुद्दा निघालाच आहे तर २००८ची घटना सांगायला हवी. इराकमधून पळालेले पॅलेस्टिनी निर्वासित सीरिया-इराक सीमेवरच्या अल-तन्फ छावणीत वाळवंटात अडकून पडले होते. मिशेल बाशेले यांच्या सरकारने त्यांतल्या ११७ जणांना चिलीत आश्रय दिला. समाजाने त्यांचे विमानतळावर झेंड्यांसह स्वागत केले. जवळपास शंभर वर्षांनी दोन पॅलेस्टाइन एकमेकांसमोर उभी होती. आलेले बहुतेक मुसलमान, स्वागत करणारे बहुतेक ख्रिस्ती. आलेल्यांना स्पॅनिश येत नव्हते, आणि स्वागत करणाऱ्यांतल्या फारच थोड्यांना अरबी येत होते. पहिल्या पिढीने मुलांच्या तोंडी अरबी येऊ दिले नव्हते, कारण शाळेत त्या उच्चारांना 'तुर्क' हे उत्तर ठरलेले असे. रोबेर्तो साराह यांच्या 'तुर्क' (१९६१) या कादंबरीने त्या शिवीचेच शीर्षक केले, आणि वाल्तेर गारिब यांच्या 'जादूच्या गालिच्यावरचा प्रवासी' (१९९१) या कादंबरीतले श्रीमंत कुटुंब आपला उगम पुसून टाकण्यासाठी धडपडत राहते. अल-तन्फहून आलेल्यांकडे पुसण्यासारखे काही उरलेलेच नव्हते.

लिना मेरुआने या चिलीच्या लेखिकेचे 'व्होल्व्हेर्से पालेस्तिना' (२०१३) हे छोटे पुस्तक या साऱ्याच्या पोटात शिरते. तिच्या वडिलांचे घराणे बेत जालाचे. स्पॅनिशमधल्या 'व्होल्व्हेर' या क्रियापदाचा अर्थ परतणे, आणि त्याच्या आत्मवाचक रूपाचा अर्थ होणे, बदलून काहीतरी बनणे. शीर्षकात दोन्ही अर्थ एकमेकांवर घासतात. पॅलेस्टाइनला परतायचे म्हटले तर आधी पॅलेस्टिनी व्हावे लागते, कारण परतणारी स्वतः तिथून कधी निघालेलीच नव्हती. मराठीत या शीर्षकाला प्रतिशब्द शोधताना माझी फार दमछाक झाली. 'वळणे' या आपल्या क्रियापदात दिशा बदलणे आहे, परत फिरणेही आहे, पण बनणे त्यात येत नाही.

बेत जालाच्या मूळ वंशजांपैकी गावात राहतात त्यांहून अधिक चिलीत आहेत असे सांगितले जाते. त्यांतले कुणी आज आजोबांचे घर पाहायला निघाले तर चिलीच्या पासपोर्टवर, पर्यटक म्हणून, इस्रायली विमानतळावरून किंवा जॉर्डनच्या पुलावरून जातात. आडनाव वाचून त्यांना तासन्‌तास बाजूला बसवले जाते, कधी परत पाठवले जाते. प्रवेश मिळाला तर तोच पासपोर्ट त्यांना नऊ-दहा किलोमीटरवरच्या जेरुसलेमला सहज घेऊन जातो. बेत जालात राहिलेल्या त्यांच्या चुलतभावाला त्यासाठी परवाना लागतो.